मावशींच्या आराशीतला समुद्र

"पयले हात धुऊन ये," असं म्हणत मावशी खांद्यावरचा नॅपकिन पुढे करायच्या. हात कोरडे झाले की मगच पुस्तक मांडीवर यायचं. तुमच्याही कॉलनीत असं एखादं माणूस असेल, ज्याच्या घरी जाताना आपण आपोआप आपली नखं बघतो.

मावशी रायपूरच्या चौबे कॉलोनीत आमच्या समोर राहायच्या. शाळेत ड्रॉइंग शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचा भाऊ स्कॉटलंडमध्ये डॉक्टर. ओवाळणीत साडी नको, तिकडच्या चित्रांचं पुस्तक पाठव, असं त्यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. त्यामुळे कपाटात साड्या कमी आणि स्कॉटिश चित्रकार, आधुनिक कला, प्रदर्शनांचे कॅटलॉग असा जाडजूड ऐवज. दुःख एकच, बघायला कोणी येत नसे.

रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालं होतं. रोज कुठे ना कुठे नव्या ऑफिसची पाटी लागे. चित्रं बघायची जागा कधी होणार, हे मावशी ज्याला त्याला विचारायच्या. शेवटी त्यांनी वाट बघणं सोडलं आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला गौरीपुढच्या पायऱ्यांवर खेळण्यांऐवजी पुस्तकं उघडून मांडली.

आम्ही बायका आलो, पन्हं प्यालो, कैरीच्या डाळीची तारीफ केली आणि गप्पांना बसलो. पुस्तकांकडे कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मावशी वाढता वाढता आमच्या नजरा तपासत होत्या. मला फार वाईट वाटलं, पण मीही पुन्हा डाळच मागितली.

तेवढ्यात शेजारची नवी सून आली. वर्ध्याची, रीतीभातीला पक्की. तिने गौरीला हळदकुंकू वाहिलं आणि मग मांडलेल्या प्रत्येक वस्तूला बोट लावत निघाली. कलिंगडाला लावलं, नारळाला लावलं आणि पुढच्या उघड्या पानालाही लावलं. चित्रातल्या करड्या समुद्रावरच्या करड्या आभाळात कुंकवाचा लालभडक ठिपका उमटला. पोरगी रडायच्या बेतात.

मावशींनी चष्मा चढवला, वाकून पाहिलं. "इकडे या न सगळ्या," त्या म्हणाल्या. "पाहा, कसं दिसून राहिलं."

आम्ही वाकलो. कोणाला नाव दिसली, कोणाला नावेतला म्हातारा. एवढ्या थंडीत हा काहून निघाला, यावर वाद झाला. मग पुढचं पान, मग दुसरं पुस्तक. डाळ ताटल्यांमध्ये सुकून गेली. मावशी दाराला टेकून नुसत्या हसत होत्या. भावाला हे फोनवर कळलं तेव्हा तो म्हणे, आमच्याकडे असा सूर्य निघाला तर लोक कामं टाकून बाहेर पडतात.

मावशींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पुस्तकं त्यांनी जाण्याआधीच त्या सुनेकडे सोपवली होती. दर चैत्रात तिच्याकडे आरास असते. शेजारच्या समता कॉलोनीतूनही बायका येतात आणि डाळीआधी चित्रं बघतात. यंदा मी गेले तर दारात तीच उभी, खांद्यावर नॅपकिन.

"काकू, पयले हात."

मी घरून हात धुऊनच निघाले होते. तरी नळावर गेले.