म्हादूच्या टाक्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून काही लपवणं म्हणजे काय, ते तिला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. तुम्हाला सांगतोय. जमेल तसं सांगतो.

परवा नातवानं विचारलं, आजोबा, सगळीकडं यंत्रं येतायत, पुढं कुठला धंदा टिकेल? मी शहाण्यासारखं बोललो, यंत्र शीक, उपाशी मरणार नाहीस. तो गेला आणि मला म्हादू आठवला. मग जेवण गेलं नाही.

म्हादू माझा जिवलग. पलूसच्या बाजूला आमचं गाव, आणि गावातल्या जात्यांना टाकी लावणं हे त्याचं काम. दळून दळून जात्याचा दगड गुळगुळीत होतो, पीठ बारीक पडत नाही. मग टाकीनं, म्हणजे लोखंडी छिन्नीनं, ठोकून त्याला पुन्हा खरखरीत करावं लागतं. त्याची हाळी आली की बायका जात्याची वरची पाळी उचलून ठेवायच्या. ठोकता ठोकता तो सासूचं गाऱ्हाणंही ऐकायचा आणि सुनेचंही, पण इकडचं तिकडं कधी केलं नाही. कपची उडून कपाळ फुटलं तरी हसणारा माणूस. त्याच्यासारखं मला पुन्हा कुणी भेटलं नाही.

मी तेव्हा सांगलीला एका कारखान्यात इंजिनाचं काम शिकलो होतो. दुसरी मोठी लढाई संपल्यावर एका शेटजींनी गावात पिठाची गिरणी टाकली आणि इंजिनावर मला बसवलं. काय ऐट होती माझी! बायका डोक्यावर पाट्या घेऊन रांगेत, आणि मी पट्ट्याशेजारी, जसा काही गावचा जावई. म्हादू लांबून बघायचा. एका दुपारी येऊन शेजारी बसला.

"शिवा, खरं सांग गड्या. ह्या दगडास्नी टाकी लागतीया का न्हाई?"

इथं थांबावंसं वाटतं मला. पण थांबून काय करू?

लागते. घरच्या जात्यापेक्षा जास्त लागते — गिरणीचा दगड दिवसभर फिरतो, लवकर झिजतो. त्याच सकाळी शेटजी म्हणाले होते, टाकीला एखादा चांगला माणूस बघ. नाव माझ्या ओठावर होतं. आणि मी काय म्हणालो?

"न्हाई रं. हे यंत्राचं दगड. ह्यास्नी टाकी लागत न्हाई."

का म्हणालो? म्हादूचं डोकं माझ्यापेक्षा तल्लख होतं. चार दिवस गिरणीत बसला असता तर इंजिनही शिकला असता, मग शेटजींना माझी गरज काय राहिली असती? माझंच पोट टिकेल का, ही धास्ती मला. शेटजींना सांगितलं, माणूस कशाला, टाकी मीच लावीन.

त्यानं माझा शब्द खरा मानला. दुसऱ्या कुणाला विचारलंसुद्धा नाही. खंडेनवमीच्या आधी फडक्यात गुंडाळून आपल्या टाक्या घेऊन आला. म्हणाला, ह्यांची पूजा आजवर चुकली नाही, माझ्याकडं नुसत्या गंजतील. तुझ्या इंजिनाशेजारी मांडत जा. आणि कडेगावच्या रस्त्यावर खडी फोडायला निघून गेला.

मी पूजा केली. हळद, कुंकू, झेंडूचं फूल. आणि दसरा झाल्यावर गिरणीचं दार आतून लावून, त्याच टाक्यांनी गिरणीचा दगड ठोकला. माझा हात ओबडधोबड. पीठ कचकचलं, बायकांनी यंत्राला शिव्या घातल्या. मी घालू दिल्या. गाव म्हणायचं, गिरणीनं म्हादूचा धंदा बुडवला. मी मान डोलवायचो.

दर दसऱ्याला तो सोनं द्यायला यायचा. हात खडीनं सुजलेले, तोंडावर हसू तेच. असाच एकदा गिरणीत आला. टाक्या अजून पूजेत मांडलेल्या होत्या, त्यांच्यापाशी वाकला. वापरातली टाकी सारखी लोहाराकडं जाते; तो तापवून टोक काढतो, पाण्यात बुडवून कडक करतो, आणि टाकी आखूड होत जाते. नुसती पुजलेली टाकी आखूड होत नाही. या बोटाएवढ्या उरल्या होत्या.

त्यानं एक उचलली. तळहातावर बराच वेळ धरली. मग त्यानं तिला हळदीचं बोट लावलं आणि जागेवर ठेवली.

"लोहाराला सांग, पाणी जरा बेतानं दे. लय कडक झाल्यात. तुटतील."

एवढंच. मग आपट्याची पानं माझ्या हातात दिली, दरवर्षीसारखी मिठी मारली, माझ्या घरी येऊन पुरणपोळी खाल्ली, पोळी फाटली म्हणून माझ्या बायकोची थट्टा केली. जाताना उंबऱ्यात वहाणा घालायला त्यानं फार वेळ लावला. मला कळत होतं, तो का थांबलाय. मी म्हणालो, "सांभाळून जा रं."

म्हादू आता नाही. इंजिन गेलं, गिरणी विजेवर चालते. पण दगड झिजतोच, आणि टाकी लावायला माणूस अजून लागतोच. टाकीचा धंदा टिकला. बुडाला तो एकट्या म्हादूचा, आणि तो गिरणीनं नाही, मी बुडवला.