वाघजाळीतला भात

ज्ञानेश सूर्यवंशी चाकणच्या एका कंपनीत ब्रेकचे भाग तपासतो. चांगला माल पुढे सोडायचा आणि वाईट माल लाल पट्टी लावून परत पाठवायचा, हे त्याचं काम. यात त्याने कधी कुणाचं तोंड पाहिलं नाही. मॅनेजरच्या मेव्हण्याच्या वर्कशॉपमधून आलेला मालही त्याने एकदा अख्खाच्या अख्खा परत पाठवला, तेव्हापासून त्याची बढती जी अडकली ती अडकलीच. अशी माणसं कंपनीला हवी असतात, घरी जेवायला मात्र त्यांना कुणी बोलवत नाही.

लातूरकडून तो मोशीला आला तेव्हा लेक विजयश्री कडेवर होती. आता ती हिंजवडीला आयटीत आहे आणि मैत्रिणींबरोबर मारुंजीला खोली घेऊन राहते. या पोरीने नोकरी सांभाळून एक कादंबरी लिहिली. शाळा-कॉलेजातल्या मुलांसाठी, भुताची, जंगलात घडणारी. एका लहानशा प्रकाशकाने ती छापायचं कबूल केलं, तेव्हा छापण्याआधी तिने कागद बापाच्या हातात ठेवले.

"पप्पा, खरं सांगा हं. तुमच्याइतकं तोंडावर कुणी सांगत नाही."

ज्ञानेशने सुट्टीच्या गुरुवारी कादंबरी वाचली. सात मुलं वाघजाळीच्या जंगलात ट्रेकला जातात. निम्मं पुस्तक ती मोबाइलला रेंज नाही म्हणून कुरकुरतात आणि उरलेल्यात एकमेकांच्या प्रेमात पडतात. जंगल पानोपानी घनदाट आहे, पण कुणाच्या पायात साधा काटा मोडत नाही. भूत येतं अगदी शेवटी, आणि आलं न आलं तोच कळतं की हा ट्रेकवाल्यांनी जाहिरातीसाठी केलेला बनाव होता. ज्ञानेशला भीती एकदाच वाटली, अजून किती पानं उरलीत हे पाहिलं तेव्हा.

रविवारी संध्याकाळी विजयश्री आली आणि चहाही न घेता समोर बसली. तिच्या डोळ्यांखाली जागरणाची वर्तुळं होती. ज्ञानेशने कागद नीट जुळवले, घसा साफ केला आणि म्हणाला, "छान आहे. झकास जमलंय."

पोरगी इतकी हरखली की तिने तिथल्या तिथे प्रकाशकाला फोन लावला. ज्ञानेशला जरा चुटपुट लागली, पण पोरीपुढे त्याची जीभ रेटली नाही. पुस्तक होतं तसं छापलं गेलं.

मोशीहून चाकणला जाणारी कंपनीची बस नाशिक हायवेवर रोज अडकते, आणि त्या बसमध्ये ज्ञानेशने गोष्ट सांगायची ही वहिवाट आहे. ऐकण्यासाठी लोक खिडकीची जागा सोडून पुढे येऊन उभे राहतात. पोरीचं पुस्तक आलंय म्हटल्यावर वेल्डिंगवाला खंडू म्हणाला, "राव, आता ताईंचीच गोष्ट लावा." खंडू मोशीचाच, जुन्या गाववाल्यांपैकी. वाचनाचं त्याला वेड.

पहिल्या दिवशी ज्ञानेशने गोष्ट पुस्तकातल्यासारखी सांगितली. दुसऱ्या दिवशी निम्मी बस पेंगत होती. पोरीच्या नावाने लोक जांभया देतायत हे त्याला सोसेना. मग त्याने आपल्या पदरचा चकवा आणला, रानात माणसाची वाट चुकवणारा. मुलं दिवसभर चालून थकतात आणि संध्याकाळी पाहतात तर आपल्याच सकाळच्या चुलीपाशी. चूल अजून गरम आहे, आणि कुणीतरी पातेल्यात भात शिजवून ठेवलाय. सातही जण भुकेलेले, पण हात पुढे करायची छाती एकाचीही होत नाही. बसमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

दुसऱ्याचा बिघडलेला माल गुपचूप घासून पुढे सोडणाऱ्यांवर ज्ञानेश कंपनीत तुटून पडायचा, कारण मग बनवणाऱ्याला आपली चूक कळतच नाही. बसमध्ये त्याने नेमकं तेच चालवलं होतं आणि त्याच्या ते ध्यानातही येत नव्हतं.

प्रकाशन मोशीच्या वाचनालयात झालं. बसवाल्यांना यायला जमावं म्हणून गुरुवार धरला, विजयश्रीने रजा टाकली. झाडून सगळे आले. भाषणं आटोपल्यावर खंडू पुस्तक चाळत उभा राहिला.

"ताई, ते भाताचं कुठल्या पानावर हाय? मला घावंना."

"कसला भात?"

"पातेल्यातला. चकवा शिजवतो त्यो. आमी तर दोन दिवस डबं उघडताना दचकत व्हतो."

विजयश्रीने बापाकडे पाहिलं. ज्ञानेश खुर्च्या आवरायला लागला होता.

घरी आल्यावर ती म्हणाली, "तुम्हीच घातलात ना तो भात?"

"अगं, जरा रंगवून सांगितलं. बसमध्ये लागतं तसं."

"तुमचा भात चांगला आहे, पप्पा. छापायच्या आधी सांगितला असता तर मी सगळं पुन्हा लिहिलं असतं. मी विचारलं होतं तुम्हाला." ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती येत राहिली, जेवून जात राहिली, आईशी तासन्तास बोलत राहिली. लिहिण्याचा विषय मात्र बापापुढे निघाला नाही. ज्ञानेशला वाटलं, पोरीने नाद सोडला. आपल्यामुळे सोडला, हेही वाटलं आणि ते त्याला फार लागलं.

दिवाळी उलटून गेल्यावर एकदा बसमध्ये खंडूच्या हातात छापील कागदांचा गठ्ठा दिसला.

"काय वाचतोस रे?"

खंडू ओशाळला. "ताईंची नवी गोष्ट हाय. कच्ची. मागल्या पुस्तकात काय दम न्हाई, असं मी फोन करून सांगितलं व्हतं त्यास्नी. तवापासून मलाच धाडत्यात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुमाला दाखवू नको म्हनल्यात."

पण मागच्यांनी ऐकलंच. "खंडू, वाच की मोठ्यानं!" असा गलका झाला. ज्ञानेश म्हणाला, "वाच, वाच." आणि खंडू अडखळत, तिखटमीठ न लावता, लिहिलंय तसं वाचायला लागला.

रानात एकटी चुकलेली मुलगी. अंधार पडतो आणि पुढून तिच्या बापाचा आवाज येतो, 'ये, इकडून ये.' ती काट्यांतून चालत राहते. पाय सोलून निघतात, वाट चढणीची होत जाते. दर थोड्या वेळाने ती विचारते, 'पप्पा, बरोबर चाललेय ना मी?' आणि आवाज दर वेळी तितक्याच मायेने म्हणतो, 'छान. छान चाललीयस. ये पुढं.' पुढे कडा असतो.

खंडू थांबला. ज्ञानेशच्या हातावर काटा उभा राहिला होता. गोष्ट चांगली होती. त्याने त्यातला एक शब्दही बदलला नसता.

कंपनीच्या गेटपाशी उतरल्यावर त्याने फोन काढला आणि लेकीला लिहिलं, 'छान आहे.' ते तिला कसं ऐकू येईल हे त्याला कळलं, आणि त्याने ते पुसून टाकलं.