कॅलेंडरच्या कागदातली पुडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. देवापुढं उभा राहिलो तरी एवढा भाग वगळूनच हात जोडतो – जणू त्याला ठाऊकच नाही. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणूनच बहुधा तुमच्याजवळ बोलता येईल. अडखळत सांगेन, पण सांगेन.

सोलापुरात भवानी पेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे. औषधांचं रीतसर शिक्षण घेतलंय, प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावलंय. तरी पेठेतले लोक मला अर्धा डॉक्टर समजायचे आणि मला ते आवडायचं. का नाही आवडणार? डॉक्टरकडं रांगेत बसण्यापेक्षा लोक माझ्याकडं यायचे, आणि मी पुडी बांधून द्यायचो.

पुडी म्हणजे चार सुट्या गोळ्या. एक पांढरी, एक पिवळी, एक गुलाबी, एक बारीक. जुन्या कॅलेंडरचं पान फाडून त्यात गुंडाळायच्या. चिठ्ठी नाही, गोळीचं नाव नाही. अंगदुखीची पुडी म्हटलं की झालं. त्यातल्या दोन गोळ्या दुखणं दाबणाऱ्या, चांगल्या जोरकस. घेणाऱ्याला तासाभरात बरं वाटायचं आणि मला शाबासकी मिळायची.

माझ्या पुडीचं सगळ्यांत जुनं गिऱ्हाईक म्हणजे नरसूबाई. घरी तेलुगू बोलणारी, मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी. ती मला अण्णा म्हणते, मी तिला अक्का म्हणतो. विड्या वळणाऱ्या बायका पाणी फार कमी पितात, तुम्हाला माहीत आहे? पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की हात थांबतो, आणि विड्या तर वेळेत कारखान्यात पोचवायच्या असतात. मला हे सगळं माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं – गोष्ट तिथंच तर आहे.

एका एप्रिलात तिला जुलाब-उलट्या सुरू झाल्या. सोलापूरचा एप्रिल, डोक्यावर पत्रा. दुसऱ्या दिवशी ती भिंत धरत धरत दुकानापर्यंत आली. ‘‘अण्णा, अंग लई ठणकायलंय की. ती पुडी द्या.’’ ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले. अंगातलं पाणी गेलेलं असताना अशा गोळ्या किडनीवर घाव घालतात, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवलेला माणूस. मी तिला ओआरएसची पाकिटं दिली. आणि पुड्याही दिल्या – एक नाही, सहा. मागं गिऱ्हाइकं उभी होती, तिला समजावत बसायचा कंटाळा आला. एवढंच कारण. याहून मोठं कारण मी किती वर्षं शोधतोय, सापडत नाही.

दोन दिवसांनी तिची मुलगी पद्मा धावत आली. आईला सकाळपासून लघवीच झाली नव्हती, तोंड सुजलं होतं, ती बरळत होती. मी दुकानाचं शटर ओढलं, रिक्षा बोलावली, अक्काला उचलून आत बसवलं. पेठेनं हे बघितलं. लोक अजून त्याचंच कौतुक करतात.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि सांगितलं, किडनी एकाएकी बंद पडत चालली आहे. पण वेळेत आलात, सलाईन लावली आणि नीट लक्ष ठेवलं तर परत चालू होऊ शकते. मग त्यांनी विचारलं, कुठल्या गोळ्या घेतल्या? पद्मा म्हणाली, पुडी घेतली, पण आत काय ते अण्णांनाच विचारा.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, ‘‘ओआरएस आणि साधी तापाची गोळी.’’

वाटलं, परवाना जाईल. नंतर मी स्वतःला तेच सांगत आलो. पण खरं म्हणजे मला लाज वाटली. त्या डॉक्टरीणबाई माझ्याशी बरोबरीच्या नात्यानं बोलत होत्या, आणि मला तेवढा मान सोडवला नाही. अडीच सेकंदांचं खोटं – आणि त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं.

इथंच संपलं असतं तर कदाचित मी आज तुमच्यापुढं बोलत नसतो. सलाईन चढली, लघवीच्या पिशवीत हळूहळू पाणी जमायला लागलं. नर्स दर तासाला आकडा लिहायची, पद्मा तो मला फोनवर सांगायची, आणि मी मनात म्हणायचो – सुटलो.

तिसऱ्या दिवशी दुपारी भेटायला गेलो. पडून पडून अक्काची पाठ धरली होती, ती कण्हत होती. पद्मानं पिशवीतून कागदाची घडी काढली. माझ्याच दुकानातली – वरती चतुर्थीचा लाल आकडा दिसत होता. म्हणाली, ‘‘दोन राहिल्या होत्या अण्णा. डॉक्टरांना विचारलंय मी, तापाचीच हाय तर द्या म्हणाल्या. सकाळी एक दिली की.’’

एक तर पोटात गेलीच होती. दुसरी तिच्या तळहातावर होती. मला फक्त हात धरायचा होता. ‘नको’ एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं – पण मग तिनं ‘का?’ विचारलं असतं. त्या एका ‘का’ला मी भ्यालो. अक्कानं पाण्यासाठी हात पुढं केला. टेबलावरचा ग्लास उचलून तिच्या हातात दिला – मी. हो, मीच दिला.

दुसऱ्या दिवशी पिशवी कोरडी. पाय सुजले, श्वास लागला, रक्तात पोटॅशियम इतकं चढलं की हृदय बंद पडेल म्हणाले. मानेत नळी घालून डायलिसिस सुरू केलं. एकदा नाही, सहा वेळा. सुधारत असलेली बाई पुन्हा का बिघडली, हे डॉक्टरांना कळेना. म्हणून पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा तपासायला काढला. त्या वेळी ती तेलुगूत आईला हाका मारत होती. मी दाराबाहेर उभा होतो, उत्तर माझ्याजवळ होतं, आणि मी पद्माला म्हणालो, धीर धर.

अक्का वाचली. पण किडन्या पहिल्यासारख्या झाल्या नाहीत, आता होणारही नाहीत. विड्या सुटल्या. पाणी मोजून, मीठ मोजून. दुखण्याची गोळी आयुष्यभर वर्ज्य, असं डॉक्टरीणबाईंनी तिला बजावून सांगितलंय. अक्काला वाचता येत नाही. पद्मावर तिचा भरवसा नाही, म्हणते ती घाई करते.

म्हणून कुणीही कसलंही औषध दिलं की ती चालत माझ्या दुकानात येते. दारातूनच गिऱ्हाइकांना सांगते, ‘‘ह्यो अण्णा होता म्हणून हाय मी.’’ मग पदराची गाठ सोडून गोळी माझ्यापुढं धरते. ‘‘बघा की ओ, ही चालतंय का मला?’’

पुड्या बांधणं मी केव्हाच बंद केलं. काल ती आली होती. मी चष्मा लावला, नाव वाचलं, दोनदा वाचलं, आणि चालेल म्हणालो. तिनं दुसरा प्रश्न विचारला नाही. गोळी तोंडात टाकली आणि पाण्यासाठी माझ्याकडं हात केला.