अर्धी भाकर

दगूबाईचा दिवस पहाटे चारला सुरू होई. पाणी, चूल, भाकरी, आणि उजाडायच्या आत नंदुरबारबाहेरची मिरची वाळवायची पथारी. पंधरा हंगाम तिने वाळत्या मिरचीचे देठ खुडले. देठ निघावा, मिरची फुटू नये. फुटली की बी सांडतं, वजन जातं. तिच्या ढिगाखाली बी कधी दिसलं नाही.

छत्तिसाव्या वर्षी तिची पाळी थांबली. अंगातून वाफा निघत, हाडं दुखत. चार वर्षं तिने तो दोष मिरचीच्या धगीला दिला. यंदा ती दवाखान्यात गेली, तेव्हा पाच महिन्यांची पोटुशी लेक काजल सोबत होती. पहिलटकरीण म्हणून ती लवकरच माहेरी आली होती.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तुम्ही पोटात होतात तेव्हा आई पोटभर जेवायची का?"

"ते मी कशी सांगू, बाई? मी ते पोटमा व्हतू!"

काजल फिसकन हसली. डॉक्टरबाईही हसल्या. मग म्हणाल्या, "मुलीची सगळी बीजं ती आईच्या पोटात असतानाच तयार होतात. तेव्हा आईची उपासमार झाली, तर पुढे पाळी लवकर जाऊ शकते असं म्हणतात. नक्की नाही. दुसरीही कारणं असतात."

संध्याकाळी जेवायला वाढताना दगूबाईने म्हाताऱ्या आईला, दिवलीबाईला, तेच विचारलं.

"तवय मी अर्धीच भाकर खाऊ," दिवलीबाई तोऱ्यात म्हणाली. "पोर मोठं व्हयनं का बाळंतपण जड जास. म्हनीसन तू सोपी व्हयनी."

दगूबाईचा हात थांबला. तिने आत्ताच काजलची भाकर मोडून अर्धी टोपलीत परत ठेवली होती. महिनाभर रोज ठेवत होती.

"माय, तू मन्ही माय शे का सासू?" काजल म्हणाली. "भूक लागनी ना!"

दुसऱ्या दिवशी पथारीवर लाल रंग आभाळाला टेकला होता. पंधरा हंगामांत पहिल्यांदा दगूबाईच्या बोटांत मिरची फुटली. तळहातावर बी सांडलं. ऊन डोळ्यांत भरलं, आणि तिला वाटलं, आपण त्या मिरचीच्या आत बसलो आहोत. सभोवती उबदार, लाल अंधार. आईच्या पोटात आपण, आपल्या पोटात काजलचं बी. एका अंगात तिघी. दूर वरून कुणीतरी मायेने भाकर मोडतंय, आणि अर्धीच खाली येतेय.

"दगू, झोपनी का?" शेजारची शांतीबाई ओरडली.

दगूबाईने बी वेचलं, एकूण एक, आणि ढिगात टाकलं.

त्या दिवसापासून काजलच्या ताटात दोन भाकरी पडू लागल्या.

"हत्ती व्हई, हत्ती!" दिवलीबाई कुरकुरली.

"व्हऊ दे, माय. दवाखाना शे."

पायातल्या चांदीच्या कड्यांसाठी दगूबाईने तीन हंगामांची मजुरी राखली होती. त्या मजुरीची एक काळी दुभती शेळी आली, आणि शेंगदाण्याचं अर्धं पोतं.