खोंडासाठी घडवलेली साखळी

...तर दयाराम लोहार मठाच्या पंगतीत बसला, हातात आमटीचा द्रोण, अन् नजर गेली खांबाकडं. काल गोष्ट इथंच थांबली होती. खांबाला एक बाई बांधलेली, आणि तिच्या पायातली साखळी दयारामच्याच हातची. शेवटच्या कडीला तो नेहमी एक पीळ द्यायचा, ती त्याची खूण. दोन महिन्यांपूर्वी मठाचा कारभारी शेषराव ती घेऊन गेला होता. "मारका खोंड हाये बे, जाडजूड बनव," म्हणाला होता.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. बाई म्हणजे कोकिळा, उंद्रीच्या लोहाराची लेक. पहिलं लेकरू गेलं तशी तिची वाचा बसली. सासरच्यांनी बाधा ठरवून तिला जानेफळकडच्या या मठावर आणून टाकलं. महाराज दर अमावास्येला तिच्या तोंडाशी मिरच्यांची धुरी धरायचे, निंबाच्या ओल्या फोकानं पाठ फोडायचे. बाधा बोलली की बाई सुटली, हे त्यांचं शास्त्र. कोकिळा दात आवळून बसायची. बोलीन, पण ह्याच्या हुकमानं नाही.

दयारामनं द्रोण खाली ठेवला आणि उठून गेला. तिला वाटलं, हाही तसलाच. दुसऱ्या दिवशी भर दुपारी गडी छन्नी-हातोडा घेऊन हजर.

"देवीचा कोप होईल," महाराज म्हणाले.

"होऊ द्या. साखळी खोंडासाठी नेली होती, महाराज. सौदा खोटा. माल वापस."

जमलेले लोक हसले. एकदा हसल्यावर मग त्यांना कोणाचं भ्याव वाटतं? कडी तुटली. दयारामनं साखळी खांद्यावर टाकली, आणि कोकिळा पायी चालत मठाबाहेर पडली.

पण सुटली म्हणजे बरी झाली असं नव्हे, बरं का. माहेरी फोडणीत मिरची पडली की ती मागच्या दारानं रानात पळायची. पायाला कोणाचा हात लागलेला खपायचा नाही. सासरशी सोडचिठ्ठी झाली. दयाराम दर पंधरवड्याला उंद्रीच्या बाजाराला यायचा, तिच्या माहेरच्या ओसरीखाली लांब बसून चहा प्यायचा आणि जायचा. असं दीड वर्ष.

"याले आपल्याच घरचा चहा काऊन गोड लागते?" तिची माय केसरबाई म्हणायची.

एक दिवस तो मान खाली घालून म्हणाला, "कोकिळा, तुह्या पायातली बेडी म्याच घडवली."

तेव्हा ती बोलली. तीन वर्षांतले पहिले शब्द.

"मजबूत होती." मग म्हणाली, "हाये का अजून?"

"हाये."

"आण."

लोहाराच्या घरची रीत अशी, की पुरुष सांडशीनं लोखंड धरतो आणि घण बाई मारते. तिच्या बापाच्या भट्टीत दयारामनं साखळी लाल केली, ऐरणीवर धरली. त्याचा हात घणापासून वीतभर.

"अवं, घाव चुकला तर हात जाईन त्याचा," केसरबाई म्हणाली.

"त्याले माहीत हाये," कोकिळा म्हणाली, आणि घण उचलला.

एकही घाव चुकला नाही. साखळीचा विळा झाला. त्याच उन्हाळ्यात दोघांचा पाट लागला. पायात जोडवी तिनं घातली नाहीत, त्यानं कधी विचारलंही नाही.

पुढं तीन-चार वर्षांनी शेषराव जानेफळला त्यांच्या भट्टीवर आला. तिला त्यानं ओळखलंच नाही.

"दयाराम, साखळी पाह्यजे. जाड. मठावर मारका खोंड आला हाये."

दयारामनं बायकोकडं पाहिलं. मठातल्या धुरीसारखी कोकिळाबाईच्या नाकात मिरची झोंबली. आता वाचा बसली तर पुन्हा कोणाच्या तरी लेकीच्या पायात बेडी. तिनं घण खाली ठेवला नाही, तसाच खांद्यावर घेतला आणि म्हणाली:

"आधी खोंड इथी आणा, शेषराव. पायाचं माप घेतल्याबिगर आमी साखळी घडवत नाही. अन् खोंड दोनच पायाचा निघाला, तर हा घण घेऊन मीच मठावर येईन."