एका दाराचं अंतर

धुळ्यात आमच्या कापडाच्या दुकानासमोरून एक नर्सबाई रोज सायकलवर दवाखान्यात जायच्या. उभ्या मोटारींपासून एक दार उघडेल एवढं अंतर राखून, थेट रस्त्याच्या मधून. मागच्या ट्रकांच्या हॉर्ननं आमचे कान किटायचे. "बाजूले सरक ना, बाई!" ड्रायव्हर ओरडायचे. मलाही तो निव्वळ हट्ट वाटायचा. एकदा म्हटलंच, "बाई, कडेनं जात जा."

त्यांनी कोपरावरचा व्रण दाखवला. "कडेनंच जात होते, भाऊ. कुणीतरी मोटारीचं दार उघडलं."

एका सकाळी शेजारच्या दुकानाच्या शेठनी मागे न बघता आपल्या मोटारीचं दार उघडलं. ते बाईंपासून हातभर लांब राहिलं. बाई उतरल्या आणि सायकल तिथंच आडवी धरून उभ्या राहिल्या.

"शेठ, आत बसा. मागे बघा. मग उतरा."

"अहो, पण लागलं कुठं?"

"लागलं नाही, म्हणून नुसतं सांगतेय."

मागे ट्रक खोळंबला. बाई हलल्या नाहीत. शेठ गोरेमोरे होऊन आत बसले, मान वळवून मागे पाहिलं आणि मग उतरले.

बाई सायकलवर बसल्या आणि मधूनच निघाल्या. ट्रक त्यांच्यामागून, हॉर्न न वाजवता, सायकलच्या चालीनं गेला.