फॉरमॅटनंतरची चाळीस पानं

पुंडलिकनगरच्या आमच्या घरातला संगणक चालू करायचा म्हणजे बटण दाबून दूध आणायला जायचं. परत यावं तरी पडद्यावरचं चक्र फिरतंच आहे. वडिलांची काही तक्रार नव्हती. तक्रार माझी होती, कारण घरातला संगणकतज्ज्ञ मी. तसं मला कुणी म्हणत नसे, मीच म्हणायचो.

निवृत्तीनंतर वडील त्या संगणकावर आपल्या आईविषयी लिहीत होते. चाळीस पानं झाली होती. आजीच्या स्मृतिदिनाला ती छापून गावी, देवगाव रंगारीला, वाटायची होती.

"माझ्या पानांना धक्का लागला तं बघ," ते म्हणाले.

मी हसलो. फाइल दोन पेनड्राइव्हवर घेतली आणि बेधडक सगळं फॉरमॅट मारलं. नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली, मग ड्रायव्हर: पडद्याचा, आवाजाचा, वाय-फायचा. संगणक पळायला लागला. मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

मग वडिलांनी फाइल उघडली. पानोपानी पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं. आजीचं नावसुद्धा कुठं सापडेना. वडील युनिकोडच्या आधीच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करायचे. मी सगळं जपलं होतं, तेवढा फॉन्ट पुसून टाकला होता, आणि त्याच्याशिवाय तो मजकूर असाच दिसतो. म्हणे तज्ज्ञ!

"मजकूर आहे दादा, फक्त फॉन्ट गेलाय," मी वडिलांना म्हणालो. ते त्या चिन्हांवरून बोट फिरवत राहिले. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

औरंगपुऱ्यात लग्नपत्रिका छापणाऱ्याकडं गाडी काढली. त्याच्याकडं तो फॉन्ट होता. देताना त्यानं सुनावलंच, "इंजिनियर लोगां हर महिने आते. अरे, पहले फॉन्ट उठाने का, फिर फॉरमॅट मारने का!" मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

घरी आलो तर वडील अजून त्याच पानासमोर बसलेले. मी घाईघाईनं पेनड्राइव्ह लावायला वाकलो. त्यांनी माझा हात धरला.

"माझ्या मायला अक्षर येत नव्हतं," ते म्हणाले. "तिला समदे कागद असेच दिसत असतील. तरी रोज माझी वही उघडायची, पानावरून हात फिरवायची अन् म्हणायची, लई छान लिवलंस."

मी पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"बाकीची कर नीट," ते म्हणाले. "हे एक पान असंच राहू दे. पुस्तकात पहिलं हेच लावू."